कुणाकडं आलात?

त्या बेटावर कुणालाही जाता येत नाही. होडी किनाऱ्याला लागते, पाय वाळूत टेकतात, झाडीतून माणसं पुढे येतात, एकच प्रश्न विचारतात आणि तिथेच सगळं अडतं. हातातली भेटवस्तू ते घेत नाहीत. तलवार उपसली तर झाडीत नाहीशी होतात आणि होडी आपोआप मागे ढकलली जाते. हा गेम खेळणाऱ्या बऱ्याच लोकांना ती चूक वाटली. तशा तक्रारीही आल्या, की वेस उघडत नाही, दुरुस्त करा. ती चूक नव्हती. भेट देऊन उघडणार नाही अशीच ती मी करून ठेवली होती, आणि उद्या पुन्हा कुणी तेच काम दिलं तर पुन्हा तशीच करीन.

मी हिंजवडीची. हे वाक्य पुण्यात कुठेही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या कंपनीत?" मी कंपनीतली नाही, गावातली. आमची आळी संपते तिथे आयटी पार्कची भिंत सुरू होते. भिंतीपलीकडे आमचं रान होतं. मी शाळेत असताना सरकारने ते घेतलं, रीतसर, कागदपत्रं करून. त्या दिवशी आमच्या तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, भिंतीपलीकडे कधी पाय ठेवणार नाही असं जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे जेवताना आईला सांगितलं. पण तात्यांनी एकदा बोललेलं मागे घेतल्याचं आमच्या आळीत कुणाला आठवत नाही.

मी मात्र भिंतीपलीकडे गेले. त्याआधी शहरातल्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. तिथे पेठांमधल्या मुली माझ्या "हाय" आणि "न्हाई"ला हसायच्या. पहिल्या वर्षी मी गप्प बसले. दुसऱ्या वर्षी मुद्दाम मोठ्याने बोलायला लागले. तिसऱ्या वर्षी त्याच मुली माझ्याकडून निबंध तपासून घ्यायला यायच्या. मला राग लवकर येतो आणि तो टिकतोही बराच. माझं निम्मं शिक्षण त्याच्यावर झालं आहे.

नोकरी लागली ती एका छोट्या कंपनीत, काचेच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. परदेशातल्या लोकांसाठी काँप्युटर गेम बनवायचे, असं त्यांचं काम. चित्रं इथे काढायची, प्रोग्रॅम इथे लिहायचे, माणसं काय बोलतील ते इथे ठरवायचं आणि नाव मात्र तिकडच्या कंपनीचं लावायचं. माणसं काय बोलतील ते लिहिणारी मी. माझ्या खिडकीतून त्या भिंतीतलं गेट दिसायचं, गेटच्या बाजूला गार्डची केबिन आणि केबिनशेजारी एक जांभळीचं झाड. इमारत बांधताना शोभेसाठी म्हणून त्यांनी ते एकच झाड राखलं होतं आणि त्याच्याभोवती हिरवळ लावली होती. त्या जांभळीखाली आमचं खळं होतं. गार्डची केबिन बरोबर खळ्यावर आली होती. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

आमचे साहेब पेठेतले. उंच, किडकिडीत, शर्टाच्या बाह्या कधी न दुमडणारे. सगळ्यांना "अहो, आपण" म्हणायचे आणि त्या "आपण"मध्ये इतका थंडपणा असायचा की त्यापेक्षा शिव्या बऱ्या वाटाव्यात. एक दिवस त्यांनी मला बोलावून नवं काम समजावून दिलं. एक मोठा समुद्र, त्यात बरीच बेटं. खेळणारा होडीने एकेका बेटावर जातो. त्यातलं एक बेट सगळ्यांत दूर, धुक्यातलं. तिथले लोक बाहेरच्या माणसावर विश्वास ठेवत नाहीत. खेळणाऱ्याने त्यांना भेटी द्यायच्या, मणी, आरसे, सुरे, कापड. प्रत्येक भेटीला पडद्यावरची एक पट्टी थोडी थोडी भरत जाते. ती विश्वासाची पट्टी. पूर्ण भरली की वेस उघडते, आत एक झरा असतो, त्याचं पाणी प्यायलं की आयुष्य वाढतं. ते पाणी भरून घ्यायचं आणि पुढच्या बेटाकडे निघायचं.

"म्हणजे आरसे देऊन झरा न्यायचा," मी म्हटलं.

"गेम आहे," साहेब म्हणाले. "आपण इतिहास लिहीत नाही आहोत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण काम हातचं घालवायचं नव्हतं. मी विचारलं, ह्या लोकांना बाहेरच्यांबद्दल अविश्वास का वाटतो, हे कुठे लिहिलंय? साहेबांनी कागद चाळल्यासारखं केलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं. ते लोक तसेच होते, जन्मजात, ताप असावा तसा त्यांना अविश्वास होता आणि भेटी हे त्यावरचं औषध होतं. "ते आपण भरून काढा," साहेब म्हणाले. झालं. भरून काढायचं काम माझ्याकडे आलं.

मला ते फार शोधावं लागलं नाही. आमच्या गावात अनोळखी माणूस आळीच्या तोंडाशी आला की कट्ट्यावरचा कुणीतरी विचारतोच, "कुणाकडं आलात?" नाव विचारत नाही, काम विचारत नाही. कुणाकडं आलात, एवढंच. माणसाने घर सांगितलं की त्या घरी हाक जाते. घरातलं कुणी बाहेर येऊन म्हणतं, "माझ्याकडं आलाय." मग विषय संपला. तो माणूस चोर निघो, साधू निघो, त्याचं बरंवाईट त्या घराच्या माथी. ज्याला कुठलंच घर सांगता येत नाही, त्याला पाणी मिळतं, बसायला मिळतं, पण आळीत पुढे जाता येत नाही. ह्याला अविश्वास म्हणायचं तर म्हणा. आमच्यात ही रीत आहे. विश्वास कुणीतरी आपल्या अंगावर घ्यावा लागतो, तो हवेतून येत नाही आणि आरशाने तर नाहीच नाही.

म्हणून मी बेटावरच्या लोकांना हाच प्रश्न दिला. होडीतून उतरणाऱ्याला ते विचारतात, कुणाकडं आलात? बेटावरचा कुणी एक जण पुढे येऊन "माझ्याकडे" म्हणाला तर वेस उघडेल. नाही तर नाही.

लिहून झालं तेव्हा मी स्वतःवर खूश होते. त्या खुशीवर पाणी ओतलं ते आमच्या चित्रकार मुलीने.

ती यवतमाळकडची. वडील शाळामास्तर, घर बौद्ध, शिक्षण नागपूरला, आणि पुण्यात ओळखीचं एक माणूस नाही. बेटाची चित्रं ती काढत होती. ऑफिसात आमची ओळख अगदी तोंडदेखली होती. खरी ओळख झाली ती आमच्या आळीत. एका रविवारी ती खोली शोधत आळीच्या तोंडाशी आली. त्या वर्षांत गावात ज्याने त्याने मागच्या अंगणात खोल्या काढल्या होत्या, आयटीतल्या पोरापोरींना भाड्याने द्यायला. आमच्याही दोन होत्या. कट्ट्यावरून प्रश्न गेला, कुणाकडं आलीस? ती म्हणाली, "कुणाकडेच नाही." हे उत्तर आळीत याआधी कुणी दिलं नसावं. मी दळण घेऊन येत होते. मी म्हटलं, "आमच्याकडं आलीये."

ती मागच्या खोलीत राहायला लागली. दोन दिवसांनी नळावर पाण्याला शेजारच्या काकींनी तात्यांना गाठलं. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, "पोरगी चांगली दिसतीया. आडनाव काय म्हणायचं तिचं?"

आडनाव का विचारतात, हे इकडे लहान पोरालाही कळतं. मी घागर खाली ठेवली. ती मुलगी खोलीच्या दारातच उभी होती, तिनेही ऐकलं.

तात्यांनी तोंडातली काडी काढली. "माझ्याकडं आलीया ती. माझं आडनाव तुमाला ठावं न्हाई का?"

काकी पाणी अर्धं टाकून गेल्या. तात्यांना तत्त्व वगैरे होतं असं मी म्हणणार नाही. तात्यांना हेका होता. ज्या गोष्टीला एकदा "माझी" म्हटलं त्यावर दुसऱ्याने बोट ठेवलेलं त्यांना खपत नसे, आणि एवढ्यावर त्यांनी आयुष्यात बरीच योग्य कामं केली.

तर त्या मुलीला मी बेटाचं लिखाण वाचायला दिलं. वाटलं होतं, तिला सगळ्यांत आधी आवडेल. तिने वाचलं आणि विचारलं, "ह्या वेशीच्या आत सगळेच राहतात का?"

"म्हणजे?"

"आमच्या आजोबांच्या गावालाही वेस होती. सगळे बाहेरच्याला अडवायचे. आणि आमचे आजोबा जन्मापासून त्याच गावचे, तरी वेशीच्या बाहेरच राहायचे." ती अगदी शांतपणे सांगत होती. "तू बेट लिहून राहिली, चांगलं आहे. पण मी तुझ्या त्या वेशीबाहेर कोणाची घरं काढू, ते सांगून ठेव. नंतर काढायला लागली तर जागा पुरणार नाही."

मला झोंबलं. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तात्यांनी नळावर जे केलं ते तिला दिसलं नाही का, असं मनात येत होतं. तिसऱ्या दिवशी डोकं थंड झालं तेव्हा लक्षात आलं, की तिला ते दिसलं होतं म्हणूनच ती बोलली होती. काकींचा प्रश्नही वेशीवरचाच होता, फक्त निराळा. तात्यांचं उत्तर नसतं तर आमची रीत तिच्या आजोबांच्या गावापेक्षा काही वेगळी ठरली नसती.

मग आम्ही दोघींनी मिळून बेटाची रीत पक्की केली. पाहुण्याला एवढंच विचारायचं, कुणाकडं आलात. बेटावरचं कुणीही पुढे येऊ शकतं, म्हातारं, पोर, कुणीही, आणि जो "माझ्याकडे" म्हणेल त्याला पुढचा प्रश्न विचारायचा नाही. कोण आहे, कुठला आहे, कशाला बोलावलंस, काही नाही. आणि बेटावर वेशीच्या बाहेर एकही घर नाही. ते चित्र तिने मला काढून दाखवलं. वेस अगदी किनाऱ्याला लागून होती, वाळू संपली की वेस, मध्ये झोपडीएवढीही जागा सोडली नव्हती. "आता बसव कोणाला बाहेर बसवायचं ते," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

साहेबांनी वाचलं. चष्मा पुसला. "आमच्या आळीत तीन पिढ्या राहिलेल्या भाडेकरूला अजून नवीन माणूस म्हणतात," ते म्हणाले. "त्या मानाने आपले आदिवासी फारच मोकळे आहेत. पण पट्टी कुठाय?"

"पट्टी नाही."

"मग खेळणाऱ्याने करायचं काय?"

"वाट बघायची. कुणी बोलावलं तर जायचं."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर नाही जायचं. जगात बाकी बेटं आहेत."

ज्यांचा गेम होता ते परदेशी पाहुणे पुढच्या आठवड्यात येणार होते. "हे आहे असंच दाखवू," साहेब म्हणाले. "त्यांनी पट्टी मागितली तर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत ती आपण घालून द्यायची. नाही तर हे काम मी दुसऱ्या कुणाला देईन आणि आपण दुसरं काहीतरी कराल. चालेल?" मला चालणार नव्हतं. पण "बघू" म्हणून मी बाहेर आले.

पाहुणे यायच्या दिवशी सगळ्या मुलींनी साड्या नेसून यायचं असा हुकूम निघाला. खाली दाराशी रांगोळी, झेंडूचे हार, ताटात निरांजन आणि कुंकू. व्यवस्थेवाल्या बाई माझ्याकडे ताट घेऊन आल्या. "तुम्ही ओवाळा. तुम्ही इथल्याच ना?"

"इथलीच," मी म्हटलं. "म्हणूनच नाही ओवाळणार. ज्याने बोलावलं त्याने ओवाळावं. मी कुणाला बोलावलेलं नाही." ताट दुसऱ्या मुलीकडे गेलं. ती बिचारी दिल्लीची होती आणि तिने निरांजन उलट्या बाजूने फिरवलं. पाहुण्यांना काही कळलं नाही. ते खूश होते. गळ्यात हार, कपाळावर ओलं कुंकू, गेटपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत कुणी त्यांना काही विचारलं नाही.

दोन पाहुणे होते, एक बाई आणि एक पुरुष. आधी बाईंनी बेट पाहिलं. चित्रं त्यांना फार आवडली. होडी किनाऱ्याला लावली, भेटी पुढे केल्या, लोकांनी प्रश्न विचारला. त्यांनी पुन्हा भेटी पुढे केल्या. पुन्हा तोच प्रश्न. मग त्यांनी हसून आमच्याकडे बघितलं. ह्यांना काय हवंय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नको आहे. त्यांना वाटलं माझं इंग्रजी चुकलं. पुरुषाने समजुतीच्या सुरात सांगितलं की खेळणाऱ्याने पैसे मोजलेले असतात, त्याला बंद दार दाखवता येत नाही. लोक अविश्वासू आहेत ही गंमत आहे, पण शेवटी त्यांना जिंकता आलं पाहिजे. साहेबांनी मान डोलावली. पट्टी संध्याकाळपर्यंत होईल, म्हणाले.

मी जागेवर येऊन बसले. चित्रकार मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसून होती. पट्टीचं काम अवघड नव्हतं. प्रश्न काढून टाकायचा, त्याच्या जागी आभाराची चार वाक्यं घालायची. आरशाबद्दल आभार. कापडाबद्दल आभार. आता तुम्ही आमचे झालात, या. मी पहिलं वाक्य लिहिलंसुद्धा. खरं सांगते, मी ते लिहिणार होते. ही नोकरी गेली तर इंग्रजी लिहिण्याचं काम देणारी दुसरी जागा मला ठाऊक नव्हती, आणि एका खोट्या बेटासाठी खरी नोकरी घालवणं मला तेव्हा वेडेपणाचं वाटत होतं.

तेवढ्यात गेटवरून फोन आला. "मॅडम, तुमचे वडील आलेत. रजिस्टरात लिहू द्या म्हणतोय, तर ऐकत नाहीत. तुम्ही खाली या."

माझा विश्वास बसेना. तात्या? गेटवर? खिडकीतून बघितलं तर खरंच ते होते, धोतर, टोपी, आणि हातात काहीतरी पांढरं धरलेलं. तेव्हा मला आठवलं. साडीच्या गडबडीत माझं ओळखपत्र रोजच्या पर्समध्ये घरी राहिलं होतं. सकाळी हारांच्या घाईत कुणी ते मागितलं नव्हतं. पण कार्ड नसलं की हजेरी लागत नाही, हे मी कधीतरी घरी बोलले होते. ज्या भिंतीपलीकडे पाय ठेवणार नव्हते तिथपर्यंत तात्या माझं कार्ड घेऊन आले होते.

मी धावत खाली गेले. गार्ड मराठवाड्यातला तरुण माणूस होता, स्वभावाने वाईट नव्हता. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "मामा, नुस्तं सांगा कुणाकडं आलाव. मी लिवतो. त्याच्याबिगर आत सोडता येत न्हाई."

तात्या जांभळीकडे बघत उभे होते. "मी कुणाकडं न्हाई आलो," ते म्हणाले. "हितं मी कुणाकडं येऊ? हे खळं हाय माझं."

"मामा, ही केबिन हाय."

"केबिन तुझी. खालचं खळं माझं."

गार्डने मला बघून सुटकेचा निःश्वास टाकला. "मॅडम, तुम्हीच सांगा. तुमच्याकडं आलेत असं म्हणा, मी लगेच सोडतो."

किती सोपं होतं. "माझ्याकडे आलेत." दोन शब्द. बेटावरचं कुणीही म्हणू शकतं आणि पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, ही रीत मीच तर लिहिली होती. माझ्या तोंडात ते शब्द आलेही. मग मी तात्यांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, झाडाकडेच बघत होते, पण त्यांचा जबडा घट्ट झाला होता. मी ते म्हटलं असतं तर ते स्वतःच्या खळ्यावर माझे पाहुणे झाले असते. इतक्या वर्षांत सरकारला, बिल्डरला, कुणाला जे जमलं नाही ते त्यांच्या लेकीने साडी नेसून केलं असतं.

मला इतका राग आला की रडू फुटेल असं वाटलं. गार्डचा राग नव्हता. तो बिचारा रीत पाळत होता, आमचीच रीत, फक्त उलटी लावलेली. मी गेटच्या दांडीखालून वाकून बाहेर गेले आणि तात्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"ते माझ्याकडे नाही आलेत," मी गार्डला म्हटलं. "मी त्यांच्याकडे आलेय. लिहायचं तर तसं लिहा."

गार्ड गोंधळला. "अहो मॅडम, तुम्ही तर हितल्याच."

"मग ते कुठले?"

मागून एक गाडी हॉर्न द्यायला लागली. गार्डने रजिस्टर मिटलं आणि आपल्या परीने शेवटचा नियम काढला. "बरं, पण आता तुम्ही बाहेर आलाव. आत जायाला कार्ड लागंल. कुठाय कार्ड?"

कार्ड तात्यांच्या हातात होतं. मी हात पुढे केला. तात्यांनी ते दिलं नाही. त्यांनी आधी गार्डकडे बघितलं, मग माझ्याकडे, खालपासून वरपर्यंत, त्या हिरव्या साडीत मी पहिल्यांदाच दिसत असल्यासारखं. त्यांच्या तोंडावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. नळावर काकींना उत्तर देताना जे आलं होतं, तसलंच काहीतरी.

"माझ्याकडं आलीया ही," ते गार्डला म्हणाले. "सोड तिला आत."

आणि मग त्यांनी कार्ड माझ्या गळ्यात घातलं, स्वतःच्या हाताने. गार्डने दांडी वर केली. तो बाजूला झाला, आणि मला आजही वाटतं की त्याला सगळं कळलं होतं. त्याच्याही गावात असं विचारत असतीलच. तात्या मागे वळले आणि रस्त्याच्या कडेने आळीकडे निघून गेले. गेटच्या आत त्यांनी पाय ठेवला नाही. शब्द मोडला नाही.

मी वर गेले. जागेवर बसून लिहिलेलं आभाराचं वाक्य पुसलं आणि प्रश्न होता तिथे परत घातला. चित्रकार मुलीने खुर्ची माझ्याकडे ओढली आणि विचारलं, "काय करून राहिली?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग चित्रातही पट्टीला जागा नाही. मला विचारलं तर मी सांगेन." मी तिला म्हटलं, तू ह्यात पडू नकोस, तुझी नोकरी आहे. ती म्हणाली, "मी तुझ्याकडं आली आहे ना? मग गप बस."

साहेबांच्या केबिनमध्ये पाहुणे चहा घेत होते. मी आत जाऊन सांगितलं की पट्टी होणार नाही. वेस उघडायची असेल तर ती दुसऱ्या कुठल्या बेटाची उघडा, ह्या बेटाची मी उघडणार नाही. हे लोक भेटींनी उघडणारे नाहीत. पाहुण्या बाईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, मग ह्यात जिंकतं कोण?

"ते," मी म्हटलं. "तुमची होडी येईपर्यंत तेच जिंकत होते."

त्या हसल्या नाहीत. पुरुष हसला. पुढे महिन्याभराच्या बोलण्यांनंतर काय झालं ते सांगून टाकते. आरसे घेऊन झरा देणारे लोक त्यांनी दुसऱ्या बेटावर नेले आणि दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतले. आमच्या बेटाची चित्रं इतकी सुंदर होती की ती टाकून देववेनात, म्हणून बेट नकाशावर तसंच राहिलं, लोकांसकट, वेशीसकट, प्रश्नासकट. "माझ्याकडे" म्हणणारा माणूस पुढे घालू म्हणाले होते, ते राहूनच गेलं. माझी बदली झाली एका दुकानाच्या वेबसाइटवर. चपलांची वर्णनं लिहायचं काम. वर्षभर मी चपलांची वर्णनं लिहिली आणि एकाही दिवशी मला पश्चात्ताप झाला नाही.

पण हे सगळं नंतर. त्या संध्याकाळी पाहुणे केबिनमधून गेल्यावर साहेब उठून उभे राहिले. आवाज चढवणं त्यांच्यात बसत नव्हतं. खिडकीशी जाऊन त्यांनी खाली बघितलं, गेटकडे, आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "एकदा स्पष्ट सांगा. आपण आहात तरी कुणाकडून? कंपनीकडून, का त्या बेटाकडून?"

माझ्या गळ्यात कार्ड होतं. त्यावर कंपनीचं नाव होतं, माझा फोटो होता, आणि तात्यांच्या हाताचा तंबाखूचा वास होता.

"मी इथे कुणाकडं आलेय," मी म्हटलं, "ते गेटवर विचारा. ज्यांच्या शब्दावर मला आत सोडलं त्यांनी तिथे सांगून ठेवलंय."